होट्टे उरी

माणसाचं मन त्याच्या पोटातले जंतू चालवतात, हा शोध माझ्या मेहुण्यानं निपाणीहून आमच्या हिंडलग्याच्या घरी आणला, तोही पुडीत बांधून. चांगल्या जंतूंची पूड, सकाळी अनशापोटी घ्यायची. दिवाळी झाल्यापासून बायको धड जेवत नव्हती, झोपत नव्हती, पोटात आग होते म्हणायची.

"आक्का, तू उदास न्हाईस गं," तो तिला म्हणाला. "तुझ्या पोटातले जंतू उदास हाईत. नवीन संशोधन हाय."

त्याच्या मोबाइलवरचा लेख मी सबंध वाचला. त्यानं फक्त मथळा वाचला होता. प्रयोग बहुतेक उंदरांवरचे, आणि माणसांबद्दल जागोजागी 'असू शकेल'. संशोधक जपून बोलले होते. पूड विकणाऱ्यानं नेमकं 'असू शकेल' तेवढं गाळलं होतं.

"किती माणसांवर करून बघितलंय?" मी विचारलं.

"दाजी, तुम्ही सगळीकडं आकडाच बघताय."

"पुडीवर किंमत आकड्यातच छापलीय."

आगीचं कारण त्याला ठाऊक होतं. दिवाळीनंतर त्यानं बहिणीला न विचारता आईला कोल्हापूरकडच्या वृद्धाश्रमात ठेवलं. आईला आमच्याकडे आणू म्हटलं, तर "लेकीच्या दारात आई ऱ्हायली तर लोक मला काय म्हणतील?" म्हणून अडवलं. वृद्धाश्रमाला मात्र लोक काही म्हणत नसावेत.

गेल्या आठवड्यात आम्ही बेळगावात डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांना मराठी येत नाही, आणि बायकोचं कानडी निपाणीचं, तोडकंमोडकं. पोटात आग होते हे तिनं शब्दाला शब्द लावून सांगितलं, "होट्टे उरी." कानडीत त्याचा रोजचा अर्थ मत्सर. डॉक्टर हसले. "यार म्यालरी?" म्हणजे, कुणावर?

ती हसली नाही. "तम्मन म्याल," म्हणाली. धाकट्या भावावर. डॉक्टरांनी हसू आवरून पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या.

हे मी मेहुण्याला सांगितलं. तो काही बोलायच्या आत बायकोनं पुडी त्याच्यापुढं सरकवली.

"ही तूच घे रं. आईला तिथं ठेवून तुला जेवण पचतंय. तुझे जंतू तपासायला पायजेत. आम्ही उद्या जाऊन तिला आणतोय. येतोस?"

"बघतो," म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला. आला नाही.

सासूबाई आता आमच्याकडे आहेत. लेकीच्या भाजीत मीठ कमी असतं म्हणून रोज कुरकुरतात. बायको दोन्ही वेळा जेवते. यावरून मी सिद्धांत मांडणार नाही. एकाच माणसावरचा प्रयोग, शिवाय गोळ्याही चालू होत्या.

परवा मेहुण्याचा फोन आला. आईची चौकशी नंतर केली. आधी विचारलं, "दाजी, पूड लागू पडली न्हवं?"

पुडी फडताळात आहे, अजून फोडलेली नाही. मी फोन सासूबाईंच्या हातात दिला.