वरची ओळ

ज्या रेकॉर्डनं मला नाव दिलं, तिच्यातली वरची ओळ माझ्या गळ्यातली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

ती ओळ माझ्या झीलकऱ्याची. माझ्या मागं उभा राहून तो झील धरायचा. मी ओळ सोडली की तो ती उचलून वर न्यायचा. मुंबईला रेकॉर्डिंगच्या दिवशी माझा घसा बसला होता. तिसऱ्यांदा आवाज फाटला तेव्हा तोच म्हणाला, "शाहीर, तेवढी मी म्हनतो. तबकडीत काय तोंडं दिसत्यात?" आम्ही दोघंही हसलो. तबकडीवर नाव माझ्या एकट्याचं आलं.

नगरपासून राहात्यापर्यंत लग्नाच्या मांडवांत ते गाणं वाजू लागलं. कार्यक्रमात लोक तीच ओळ पुन्हा मागायचे, आणि ती सुरू झाली की माझ्यावरून नजर काढून त्याच्याकडं बघायचे. मला ते सोसेना. पार्टीत माणसं जास्त झालीत, असं सांगून मी त्याला घरी पाठवलं. गाणं दोन पट्ट्या खाली उतरवलं आणि एकटाच म्हणू लागलो.

बहात्तरच्या दुष्काळात सुप्याच्या अलीकडं रस्त्याचं काम निघालं होतं. मजुरांसाठी दोन गाणी म्हणा म्हणून मला बोलावणं आलं. भाकरीच्या सुट्टीत, भर उन्हात गायलो. खडी फोडणारी एक म्हातारी म्हणाली, "आमच्यात बी एक हाय, शाहीर. तबकडीत मीच हाय म्हनतो मुडदा."

पोरांनी ओढून त्याला खडीच्या ढिगावर उभं केलं. तोच होता. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि ती ओळ म्हटली. पोटात भाकर गेली होती की नाही कोण जाणे, पण सूर कुठं हलला नाही.

मुकादमानं विचारलं, "बोला शाहीर. ह्याचं खरं का?"

एक 'हो' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "नक्कल बरी करतो. गावापुरती खपंल."

केवढे हसले लोक. "ए तबकडी, उतर खाली," कुणीतरी ओरडलं. तो उतरला. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "घसा जपा, शाहीर." मग जागेवर बसून त्यानं हातोडी उचलली.

ते नाव त्याला चिकटलं. त्याच्या पोराला आजही तबकडीचा पोरगा म्हणतात, असं त्या बाजूचा एक दूधवाला बोलता बोलता सांगून गेला. खोटं बोलणाऱ्याला त्याच्या गावात आता तबकडीच म्हणतात म्हणे.

हल्ली मला गायला कुणी बोलवत नाही, म्हणून आता हे लिहायचा धीर झाला, असं कुणी म्हणेल. तेही खरं असेल.

तो हयात आहे. त्याच्या गावात जाऊन, त्या दिवशी हसलेल्या माणसांसमोर, तो खरं बोलत होता एवढं सांगायचं देणं मी त्याचं लागतो. अजून गेलेलो नाही.