शोभनाचं वेगळं मंडळ

अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या शोभनाला दुसऱ्याचं चांगलं झालेलं सोसत नसे. हे तिलाही ठाऊक होतं, पण ती त्याला ‘माझी नजर चिकित्सक आहे’ असं म्हणे. २००६ साली मराठी मंडळाचं अध्यक्षपद रुपालीकडे गेलं, तेव्हा शोभनाने वेगळं मंडळ काढायचं ठरवलं. नाव ठरलं, माणसं फोडून झाली. रविवारी तिच्या घरी पहिली मीटिंग होती.

शनिवारी विनय, तिचा नवरा, तिला दूर समुद्रकाठच्या एका आदिवासी वस्तीवर घेऊन गेला. तिथल्या नव्या दवाखान्यातले कॉम्प्युटर त्याने बसवले होते आणि त्या दिवशी उद्घाटन होतं. पूर्वी तिथे सरकारी डॉक्टर मनात आलं तर यायचा. मग जमातीने सरकारकडून सगळा कारभारच आपल्या हाती घेतला. इमारत बांधली, डॉक्टरही स्वतः निवडले. शोभना दिवसभर खोट शोधत फिरली. नळाला गरम पाणी होतं. मुलं आधी म्हाताऱ्यांना ताटं नेऊन देत होती, कुणी न सांगता. तिच्या पोटात दुखायला लागलं.

बाहेर मार्लीन नावाची बाई धुरात उभी राहून सामन मासा भाजत होती. विनयने सांगितलं, दवाखान्यासाठी सरकारदरबारी खेटे हिनेच घातले. तेव्हा ही जमातीची प्रमुख होती, यंदाच्या निवडणुकीत सख्ख्या चुलतबहिणीने हिला पाडलं. आत फीत ती बहीण कापत होती.

शोभनाला राहवलं नाही. “हरलात, आणि तिच्याच कार्यक्रमाला मासे भाजताय?”

“तिला भाजता येत नाहीत. करपवते.”

“राग नाही आला?”

“आला की. अजून नीट बोलत नाही मी तिच्याशी. पण आम्ही मूठभर माणसं. त्यातली अर्धी घेऊन जाऊ कुठे?”

जेवणानंतर पाहुण्यांतून साक्षीदार निवडायची तिथली रीत. त्याच्या खांद्यावर ब्लँकेट घालतात, आणि पाहिलं ते त्याने आपल्या माणसांत जाऊन सांगायचं. मार्लीनच्या बहिणीने नेमकं शोभनालाच पुढे बोलावलं.

रविवारी फोडलेली माणसं पोहे खात बसली. शोभनाने दवाखान्याचं सगळं सांगितलं, माशांचंही. सांगून झाल्यावर गुरुनाथकाकांनी विचारलं, “मग आपलं मंडळ कधी रजिस्टर करायचं?”

“आधी चहा घ्या,” शोभना म्हणाली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

त्या वर्षी गणपतीला मंडळाच्या स्वयंपाकघरात रुपालीचे मोदक फुटले. शोभनाला मनातून फार बरं वाटलं. मग तिने हात धुतले आणि परात आपल्याकडे ओढून उकड पुन्हा मळायला घेतली.