हळद लागलेला आरोपी

ती हळद अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत रक्त पाहिलं, खाडीच्या चिखलातून ओढून काढलेली प्रेतं पाहिली, त्यांचा रंग कधीच उडून गेला. ही हळद मात्र तशीच आहे, पिवळीजर्द.

आधी माझ्या नाकाबद्दल सांगायला हवं. ठाणे जिल्ह्यात त्या काळी माझ्या नाकाच्या बऱ्याच कथा होत्या आणि त्यातल्या बहुतेक मीच पसरवलेल्या. गावठी दारूची भट्टी मुंब्र्याच्या डोंगरामागे लागली की मला कल्याणात बसून कळतं, असं मी सांगायचो. आरोपीने सकाळी पोहे खाल्ले की उपमा, हे बेडी घालता घालता ओळखतो, असंही. श्वानपथकातला कुत्रा मला पाहून लाजतो, हे तर मी वार्षिक तपासणीला आलेल्या वरिष्ठांना सांगितलेलं. ते हसले. मला वाटलं, त्यांना पटलं. सांगून सांगून शेवटी ऐकणाऱ्यांपेक्षा सांगणाऱ्याचाच विश्वास बसतो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. घर वर्तकनगरला, नेमणूक कल्याणच्या एका पोलीस ठाण्यात. आमच्या हद्दीत, मोहन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पेट्रोल पंप होता. त्याच्या शेजारीच भाड्याच्या जीपवाल्यांचा अड्डा. सगळ्या जीपा म्हाताऱ्या. एकेकीचं वय असं की आमच्या सगळ्यात जुन्या हवालदारानेही तिला वाकून नमस्कार करावा.

त्या अड्ड्यावर चहा विकणारा माझा खबऱ्या होता. एके दिवशी तो पोलीस ठाण्यात आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि हळूच म्हणाला, "साहेब, पंपावर डिझेलात रॉकेल मारतायत. अर्ध्या जीपा गळायला लागल्या. सकाळी स्टार्ट होत नाहीत, चढावर दम सोडतात."

"तू पाहिलंस?"

"पाह्यचं काय त्यात? डिझेलचा रंग बघा ना. पाण्यासारखं झालंय."

मी जीपवाल्यांना बोलावलं. सगळ्यांची एकच रड. बॉनेटखाली इंजिनाचा जो पंप डिझेल पुढे ढकलतो, त्याच्या सांध्यांतून थेंब थेंब गळत होतं. सगळे त्याच पंपावर भरणारे. इतकी सरळ केस मला तोवर मिळाली नव्हती. पुरवठा खात्याचा निरीक्षक सोबत घेतला, दोन पंच घेतले, नमुन्याच्या बाटल्या आणि त्या सील करायला लाख घेतली आणि आम्ही छापा घातला.

पंपावर गेलो तर कामावरची पोरं म्हणाली, "मालक घरी हायेत. आज हळद हाय त्यांची."

पंप बघणारा मालक म्हणजे पंचविशीतला तरुण. बाजूच्याच आगरी गावातला. बापजाद्यांची शेती आणि मिठागरं होती, त्यातली जमीन रस्त्यात आणि कारखान्यात गेली, उरलेल्या तुकड्यावर हा पंप उभा राहिला. वडील नव्हते. आईने पोराला वाढवलं आणि पंपही चालवला.

टाकीतून नमुना काढला. फिकट, जवळजवळ बिनरंगाचा. आमचं ओळखीचं डिझेल कसं, काळपट आणि नाकाला झोंबणारं. मी दोन बोटं बुडवली, नाकाशी नेली, डोळे मिटले. सगळा पंप श्वास रोखून उभा होता, असं मी नंतर कित्येकदा सांगितलं. एवढं खरं की पंच माझ्याकडे बघत होते.

"रॉकेल," मी म्हणालो.

निरीक्षक चाचरत म्हणाला, "प्रयोगशाळेचा अहवाल येऊ द्या साहेब."

"अहवाल येईल तेव्हा येईल. मला आत्ताच आलाय."

पंच हसले. त्या हसण्यावर मी थेट मांडवात गेलो.

मांडवात बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. पोराला पाटावर बसवून हळद लावून झालेली. कपाळ, गाल, हात, पोटऱ्या सगळं पिवळं, आणि हातात कट्यार. हळद लागली की नवऱ्याने हातातलं लोखंड सोडायचं नाही आणि गावाची शीव ओलांडायची नाही, हे तिकडचं लहान मूलही सांगेल. मलाही ठाऊक होतं. तरी मी त्याला तसाच जीपमध्ये घातला. गाणी मधेच तुटली, तो आवाज, म्हणजे आवाज नसणं, मला अजून ऐकू येतं.

ठाण्यात आल्यावर अंगझडती. कोठडीत हत्यार जात नाही, नियम आहे. कट्यार काढून माझ्या खणात ठेवली. तेवढ्यात त्याची आई आली. मागोमाग गावातल्या बायका, ठसठशीत नऊवारीतल्या.

"सायब," आई म्हणाली, "पोराला ठेवा. पन त्ये लोखंड त्याचे हातानशी काढू नका. हलद लागलीय त्याला."

"आई, कोठडीत कट्यार देता येत नाही."

"मग सुपारीचा अडकित्ता द्या. नायतर खिला द्या एक. लोखंड हाय म्हंजे जाला."

माझे हवालदार खाली बघू लागले. एक खिळा. मी तोही दिला नाही. नियमावर बोट ठेवलं की माणसाला फार उंच झाल्यासारखं वाटतं.

बायका गेल्या नाहीत. आवारातल्या बदामाखाली बसल्या आणि मांडवात तुटलेली हळदीची गाणी तिथे पुरी करू लागल्या. खिडकीच्या आत मी चौकशी करतोय आणि बाहेर गाणी चालू, अशी चौकशी महाराष्ट्र पोलिसांच्या इतिहासात दुसरी झाली नसेल.

"रॉकेल कुठून आणतोस?"

"नाही आणत."

"मग जीपा गळतात कशाने?"

"मला काय माहीत? म्हाताऱ्या झाल्या." त्याने गालावरची सुकलेली हळद खाजवली. "साहेब, आमच्याकडे नव्या गाड्याही भरतात. डॉक्टरांची आहे, शाळेच्या बसा आहेत. त्यातली एक तरी गळली का? रॉकेल काय गाडीचं वय विचारून त्रास देतं?"

हा प्रश्न माझ्या टेबलावर येऊन पडला होता, उचलायचा अवकाश. मी त्याला म्हणालो, "फार शहाणा आहेस. उद्या कोर्टात सांग."

"उद्या संध्याकाळी माझं लगीन आहे साहेब."

"ते जज्जसाहेबांना सांग."

सूर्य मावळताना मुलीचे वडील येऊन गेले. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "पोरगा चोर आहे का, ते सांगा. असेल तर आम्ही मुलीकडचं वऱ्हाड आणत नाही. माझ्या पोरीला आयुष्यभर ऐकावं लागेल."

मी म्हणालो, "माझं नाक आजवर चुकलेलं नाही."

ते मान हलवून गेले.

सकाळी त्याला कोर्टात न्यायला आमची जीप काढली. ती सुरू होईना. माझा ड्रायव्हर हवालदार, वाघासारख्या मिश्यांचा आणि शेळीसारख्या आवाजाचा माणूस, बॉनेट उघडून आत डोकावला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. मग म्हणाला, "साहेब, जरा इकडे येता का?"

जीपखाली ओल पसरली होती. इंजिनाच्या पंपाच्या सांध्यातून थेंब थेंब.

"वास घ्या," तो म्हणाला.

मी बोटं बुडवली, नाकाशी नेली. तोच वास. कालच्या बाटलीतला. तोच फिकट रंग.

"कुठे भरलंस?"

"कुठे म्हणजे? ठाण्याला, मुख्यालयात. आपल्या खात्याच्या पंपावर. मागच्या आठवड्यात आणि परत परवा." मग अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "तिथे छापा घालायचाय का साहेब?"

बदामाखाली बसलेल्या बायका हे सगळं बघत होत्या. बॉनेटमध्ये डोकं घालून उभा असलेला नाकवाला साहेब त्यांनी पोटभर पाहिला.

तेल कंपनीच्या डेपोत फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. "नवं डिझेल आलंय साहेब," तो म्हणाला. "धूर कमी व्हावा म्हणून गंधक कमी केलेलं. ते काढताना त्यातलं आणखीही बरंच निघून जातं, म्हणून रंग आणि वास बदलतो. जुन्या गाड्यांच्या पंपातलं रबर वर्षानुवर्षं जुन्या डिझेलमध्ये फुगून घट्ट बसलेलं असतं. या डिझेलमध्ये ते आक्रसतं, सांधे सुटतात, गळायला लागतं. नव्या गाड्यांचं रबर वेगळं, त्यांना काही होत नाही. जुन्यांचे सील बदला म्हणावं. तुमच्या भागात आधी त्या पंपालाच गेलं होतं."

रॉकेल गाडीचं वय विचारत नाही. रबर विचारतं. काल पोराने हेच तर मला सांगितलं होतं.

प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघायचं कारण सांगून मी त्याला कोठडीत ठेवू शकलो असतो, अहवाल येईपर्यंत माझं नाक शाबूत राहिलं असतं. तो विचार माझ्या मनात येऊन गेला, हे लिहिताना आजही मान वर होत नाही. पुराव्याअभावी बाँडवर सोडण्याचे कागद केले. खणातून कट्यार काढून त्याच्या हातात दिली.

"पावती लिहून देऊ का?" त्याने विचारलं. हसला नाही.

त्याला घरी मीच सोडायला गेलो. जीपच्या सांध्याला चिंध्या गुंडाळल्या, शिपायांनी धक्का मारला, बायका मागच्या टेम्पोत. पूर्ण रस्ताभर आमची जीप गळत होती. गावाच्या शिवेवर आईने टेम्पो थांबवायला लावला, उतरली, पोराच्या अंगावरून पाणी ओवाळून टाकलं. मग वाकून आमच्या जीपखाली बघितलं.

"सायब," ती म्हणाली, "तुमचे गारीन कोनी रॉकेल टाकला?"

टेम्पोतल्या बायका हसल्या. माझा ड्रायव्हर हसला. नवरा मात्र हसला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

मांडवात मुलीचे वडील येऊन बसलेले. पाहुणे भोवती. मी उभा राहून म्हणालो, "चौकशीअंती सदर इसमाविरुद्ध कोणताही पुरावा निष्पन्न झालेला नाही."

"मराठीत सांगा," ते म्हणाले.

जन्मभर तोंडाचा पट्टा चालवलेला मी. त्या मांडवात मला शब्द मिळेनात. शेवटी निघाले ते असे: "पोरगा चोर नाही. चूक माझी झाली. डिझेल बदललं, ते मला कळलं नाही."

वडील आपल्या लोकांकडे वळून म्हणाले, "वऱ्हाड येऊ द्या."

लग्न त्याच संध्याकाळी झालं. हळद मात्र आईने पहिल्यापासून लावायला लावली. आदल्या दिवशीची, कोठडीत सुकलेली, आधी धुऊन काढली. ती नाल्याकडे वाहत गेली तेव्हा मी तिथेच होतो, कारण आमची जीप पुन्हा सुरू होईना.

पुढच्या नोकरीत मी पुष्कळ केसेस केल्या आणि त्यातल्या अर्ध्या तरी वाढवून सांगितल्या. पण त्या दिवसापासून एक गोष्ट शिकलो: तक्रार घेऊन आलेले कितीही असोत, ज्यांची तक्रार नाही त्यांच्याकडे आधी जायचं. ती डॉक्टरांची नवी गाडी मी छाप्याआधीच पाहिली असती, तर हळदीचं गाणं मधेच तुटलं नसतं. माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी हे शिकवलं. कशावरून शिकलो, ते कोणालाच सांगितलं नाही.

तो पंप अजून आहे. मालकाचे केस पांढरे झालेत. मी ठाण्याहून कल्याणला मुलीकडे जातो तेव्हा गाडीत डिझेल कमी असलं तरी पुढे जातो, वाट वाकडी करून दुसरीकडे भरतो. लोकांना वाटतं, साहेबांचा त्या पंपावर अजून राग आहे. त्याने एकदा लांबून हात केला होता, या म्हणून. मी काच वर केली.