जीपच्या पोटाखालची बाभळीची फळी

प्रिय चिन्मय आणि रेवा,

नव्या गाडीखाली पोलादी पत्रा बसवतानाचा तुमचा फोटो मिळाला. त्याखाली लिहिलं होतं, "आजी, हे कशासाठी ते विचारू नकोस, समजावता समजावता रात्र होईल." समजावू नका. पालघरला असताना, साठच्या दशकात, मीही जीपखाली असंच काहीसं बसवून घेतलं होतं. तुम्ही धोंड्यांत गाडी घालण्याआधी ते सांगून टाकते.

तेव्हा मी शाळा तपासत असे. (तपासनिसाला लोक 'दिपोटी' म्हणत, मी 'दिपोटीणबाय'.) बोईसरच्या पूर्वेला डोंगरातल्या एका पाड्यावर (छोट्या वस्तीवर) नवी शाळा निघाली होती. तपासणीच्या दिवशी वर्गात वीस मुलं दिसली नाहीत, तर ती बंद करावी असा वरून आदेश होता. भात झोडून झालं होतं आणि कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघायच्या बेतात होती. गुरुजींनी घरोघर विनवून त्यांना शनिवारपर्यंत थांबवलं होतं. रविवारी पाडा रिकामा.

गुरुवारी सकाळी खात्याच्या जीपमधून निघालो. चालवायला दत्तू, तारापूरचा. उमरोळी मागे पडली, बोईसरनंतर आम्ही उजवीकडे डोंगराच्या वाटेला लागलो. शेवटच्या ओढ्यात खालून धाडकन आवाज आला. दत्तू जीपखाली शिरला आणि कोपरापर्यंत काळा होऊन बाहेर आला. इंजिनाखालचं तेलाचं भांडं, म्हणजे चेंबर, धोंड्याने फोडलं होतं. मी घाईने उतरले आणि गोट्यावरून पाय मुरगळून घेतला; म्हणजे पायी जाणंही मिटलं. स्टेशनकडे गवत नेणाऱ्या एका गाडीवानाने जास्तीची बैलजोडी जुंपून जीप बोईसरपर्यंत ओढून दिली. उलट्या दिशेला, पाड्यावर यायला मात्र कोणी तयार नव्हतं. गवताची वॅगन भरायची होती.

शुक्रवारी सकाळी बोईसरच्या फिटरने चेंबर जोडून दिलं. तो उत्तरेकडचा.

"मॅडम, जोड पक्का है, लेकिन पत्थर फिर मारेगा. नीचे प्लेट चाहिए."

"मग बसवा."

"लोहा कहाँ है? सब तारापूर के पावरहाऊस के काम में गया. आठ दिन बाद आइए."

आठ दिवस! मी स्टुलावर बसूनच राहिले. तेव्हा दत्तू हळूच म्हणाला, "बाय, माझा मामा होड्या बांधतो. त्याला दाखवू?"

मला वाटलं, हा मामाकडे जेवायला निघाला आहे. (तेही खरंच निघालं.)

तारापूरला खाडीकाठी अर्धवट होडीच्या सावलीत मामा काम करत होते. ते सरळ रेतीत उताणे झाले, जीपखाली सरकले आणि तिथूनच हसू लागले.

"दत्त्या, एवढी सरकारी गाडी नि पोट उघडं? आमी होडी रोज रेतीवरनं ओढतो. तिच्या खाली लाकूड मारतो. झिजलं का बदलायचं. होडी शाबूत ऱ्हाते."

त्यांनी बाभळीची जाड फळी काढली आणि पुढचं टोक तासून होडीच्या नाळेसारखं (पुढच्या निमुळत्या टोकासारखं) वर वळवलं. तेल काढता यावं म्हणून मध्ये भोक पाडलं. दत्तूची घाई चालली होती. "मामा, चेंबरला चिकटूनच लाव. हलणार नाय."

"चिकटून लावशील तर धोंड्याचा मार भांड्यालाच. दोन बोटं जागा सोड. बायकोला पण असाच चिकटून बसतोस, म्हणून ती माहेरी पळते!"

दत्तूने निमूट फळी दोन बोटं खाली घेतली. मी पदराआड हसले. धावेच्या (बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीच्या) तुकड्यांनी फळी जीपच्या सांगाड्याला पक्की बसेपर्यंत मामींनी मला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी वाढली, पायाला आंबेहळद लावली.

शनिवारी त्याच ओढ्यात, बहुधा त्याच धोंड्यावर, पुन्हा आवाज झाला. ठक्क! दारावर थाप पडावी तसा. दत्तू खाली शिरला. मी आतूनच वाकून बघत होते.

"बाय, सुकं हाय! थेंब नाय!"

पाड्यावर आंब्याखाली आईबाप गाठोड्यांवर बसले होते, मडकीसुद्धा बांधून झाली होती. आत केसांना तेल लावलेली तेवीस मुलं. मी दोनदा मोजली. एका मुलीने अडखळत धडा वाचला. मी आकडा लिहून सही केली.

बाहेर एक म्हातारा उभा राहिला. "झालं काय बाय? शाळा ऱ्हायली?"

"राहिली."

"मंग आमी निंगतो. पोरं पावसाला येतील."

आणि खरोखर, मी चहा संपवते तोवर गाठोडी डोक्यावर गेली, मुलं मागोमाग गेली. गुरुजी रिकाम्या वर्गात फळा पुसत होते. पण तोंडावर हसू होतं.

परतीच्या वाटेवर पाय ठणकत होता, तरी मला फार हलकं वाटत होतं. माझं सगळं शिक्षण त्या ओढ्याच्या अलीकडेच अडलं असतं. पलीकडे नेलं ते मामांच्या हाताने. तेव्हा तुमच्या पत्र्यात आणि चेंबरमध्ये जागा सोडली आहे ना, तेल काढायला भोक आहे ना, तेवढं वाकून बघा.

ती जीप पुढे भंगारात गेली. फळी दत्तूने मला आणून दिली. माझ्या गॅलरीत ती कुंड्यांखाली आहे. तेलाच्या भोकाशेजारी त्या धोंड्याने पाडलेली, अंगठा बसेल एवढी खाच आहे. शाळाही तिथेच आहे. आता तिथे सातवीपर्यंत वर्ग भरतात.