राखणदाराचं आसन

दिवाळी नुकतीच आटोपली होती… सुमतीकाकी भरदुपारी आमच्या पडवीत येऊन बसली. मांडीवर पिशवी, आणि पिशवीत तिच्या मुलाचे, संदेशचे जुने टी-शर्ट.

जुन्या टी-शर्टांच्या पट्ट्या कापून मी आसनं, पायपुसणी विणते हे वाडीभर माहीत आहे. नवरा म्हणतो, हिच्यासमोर चांगला टी-शर्ट घालून फिरायची सोय नाही! पण संदेशचे कपडे बघून मला मस्करी सुचेना. पोरगा बापाशी भांडून घर सोडून गेला होता… फोन बंद, पोलिसांत तक्रार देऊनही पत्ता नाही.

"ह्येचा आसन विण गो बाय. राखणदाराक देवचा आसा."

आमच्या वेशीवर वडाखाली राखणदाराचा दगड आहे. हा देव फिरतीवर असतो, वाट चुकलेल्याला घरी आणतो असं मानतात. लोक त्याला चपला वाहतात, आणि त्या म्हणे झिजलेल्या सापडतात. मी असल्या गोष्टी चहाबरोबर ऐकणारी.

"काकी, त्याला वापरलेलं कसं देणार? कोरं कापड लागतं ना?"

"कोऱ्यान वळख कशी पटतली? माझ्या झिलाचो वास येवक व्हयो ना त्येका!"

मी विणून दिलं. काकीने नेऊन दगडापुढे अंथरलं.

आठवड्याने ती मला हाताला धरून तिथे घेऊन गेली. आसन मधोमध पार विरलं होतं, वर्षानुवर्षं कुणी त्यावर पाय घासल्यासारखं. गुरांनी तुडवलं असेल, मी म्हटलं. काकीने ते उचलून झटकलं… आणि त्यातून काळी माती पडली.

आमच्याकडे जिकडे बघाल तिकडे तांबडी माती. काळी बघायची तर घाट चढून जावं लागतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, काकीचा चेहरा मात्र उजळला.

"घाटार शोधता हा तो," म्हणाली, आणि माझ्या हातात दुसरी पिशवी दिली.

ते आसनही तसंच झिजलं. मग तिच्याकडे एकच टी-शर्ट उरला… जायच्या दिवशी संदेशने अंगातून काढून टाकलेला, तिने न धुता उशाखाली जपलेला. मी नको म्हटलं, पण ती ऐकेना. हेही फुकट गेलं असतं तर तिच्याकडे लेकाचा वाससुद्धा उरला नसता.

एका टी-शर्टाचं आसन ते केवढं… जेमतेम ताटाएवढं झालं. काही दिवसांनी आम्ही बघायला गेलो तर ते जसंच्या तसं! झिजणं सोडाच, वर वडाचं पानसुद्धा पडलं नव्हतं. शोधणारा थांबला होता… का थांबला, हे विचारायची हिंमत आम्हा दोघींनाही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धावत आली, हातात चालू फोन. संदेश बोलत होता! तिला रडू आवरेना, म्हणून फोन मी घेतला. घाटावर एका धाब्यावर कामाला होता म्हणे.

"आयेन कोणाक धाडल्यान काय गो?" त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "एक उंच म्हातारो रोज धाब्यासमोर येवन उभो रवता. बोलणा नाय, काय नाय. काल जवळ इलो, माझ्या खांद्याचो वास घेतल्यान आणि गेलो… तेवापासून घराशिवाय माका काय सुचना नाय."

"ये तू आधी," मी म्हटलं.

आता संदेश घरी आहे. बापलेक अजून तुटकच बोलतात, पण जेवायला शेजारी बसतात. परवा काकी कट्टा गावच्या बाजारातून नवेकोरे टी-शर्ट घेऊन आली, लेबलासकट.

"आता ह्येचा विण. आता वळखूचा कोणाक नाय."

काल विणायला बसले. तो कोण आहे, काय आहे, मला खरंच ठाऊक नाही… भीती अजून गेलेली नाही. पण आसनाचा मधला भाग मी दुहेरी विणलाय. आमच्या पोरासाठी फार चाललाय तो.