खोट सांगून दिलेला ससा

मी आयुष्यात एकदाच फसलो, आणि मला फसवणारा माणूस इतका सज्जन आहे की अजून त्याच्याशी धड भांडताही आलेलं नाही.

कळमन्याच्या बाजारात माझा संत्र्याचा व्यापार आहे. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली, आज स्वतःचा गाळा आहे. हे सगळं एकाच गुणावर उभं आहे: मी कशाचाही भाव तोडू शकतो. माझ्या लग्नात बँडवाल्याचा भाव मी वरात निघाल्यावर तोडला होता! (शेवटच्या चौकात फक्त ढोल वाजला, पण वाजला.) युक्ती सोपी आहे. मालात खोट शोधायची आणि तेवढा भाव कापायचा. विकणाऱ्याने स्वतःच खोट सांगितली तर सोन्याहून पिवळं! बाजाराचा कायदाही मी गाळ्यावरून दिवसातून वीस वेळा ओरडून सांगतो, "खोट सांगून दिलेला माल वापस होत नाही!"

आमचा सागवानी पलंग असाच आला. सुताराने त्याचे पाय चार बोटं आखूड कापले होते. तो बिचारा ओशाळला, मी खूश झालो, पलंग हुडकेश्वरला आमच्या घरी आला. हा पलंग लक्षात ठेवा.

मागच्या दिवाळीत माझ्या मुलीने, पल्लवीने, ससा मागितला. कळमेश्वरचे गजूभाऊ ससे पाळतात असं कळलं. गेलो. पांढराशुभ्र, कान गुलाबी, नजर तहसीलदारासारखी. मी भाव तोडायला घेतला, तेव्हा गजूभाऊ म्हणाले, "भाऊ, एक खोट आहे याच्यात, आधीच सांगून देतो..." खोट हा शब्द कानावर पडला की माझं डोकं भराभर चालायला लागतं आणि कान बंद होतात. पुढचं वाक्य हवेत गेलं. मी म्हटलं, "खोट आहे नं? मग कमी करा!" गजूभाऊंनी केलं. वर पिंजराही दिला. मी इतका आनंदात होतो की परतीच्या वाटेवर गाडीत एकटाच हसत होतो. ससा हसत नव्हता.

पल्लवीने त्याचं नाव साहेब ठेवलं, कारण तो काहीही न करता सगळ्यांना कामाला लावतो. सात-आठ महिने साहेबांनी मला जवळ येऊ दिलं नाही. पल्लवीकडे जातो, माझी बायको सुनंदा हिच्या पायाशी लोळतो, गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्याचीसुद्धा चप्पल चाटतो. मी खोलीत आलो की पाय आपटून निघून जातो. माझ्याच घरात! माझ्याच पैशाचं गवत खाऊन!

जूनमध्ये पल्लवीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, साहेबाले रोज संध्याकाळी पिंजऱ्यात ठेवा लागते. आई त्याले उचलाले भिते. तुम्ही आज ठेवून दाखवा. नाही जमलं तर सहा वाजता माझी मैत्रीण येऊन त्याले घेऊन जाईन."

"घेऊन जाऊ दे," मी म्हटलं. "मले काय करायचं आहे त्या सशाचं!"

हे मी इतक्या जोरात म्हटलं की सुनंदाने पोळी लाटता लाटता वर पाहिलं. खरं सांगतो, पोरगी जाणार हे समजल्यापासून मला घर मोठं वाटायला लागलं होतं. त्यात साहेबही गेला तर संध्याकाळी माझा अपमान करायला घरात कोण उरणार? (सुनंदा आहे, पण तिला इतरही कामं असतात.)

"बाबा, त्याले उचलाची एक पद्धत असते, आधी खाली बसून..."

"मले शिकवून राहिली का? अख्खा ट्रक उचलला आहे मी!"

मी टरबूज उचलतात तसं वरून झडप घालून साहेबाला उचललं. पुढच्या दोन सेकंदांत काय झालं ते मला नंतर इतरांनी सांगितलं. साहेबाने मागच्या पायांनी माझ्या पोटाला अशी लाथ मारली की शर्टाची दोन बटणं तुटली आणि एक थेट वरणाच्या गंजात पडलं. साहेब सोफ्यावर, सोफ्यावरून टीव्हीमागे.

"अहो, काहून त्या जीवाच्या मागे लागले?" सुनंदा म्हणाली. "जाऊ द्या न जी!"

"तू बटण शोध वं!"

मग मी संत्र्याचं रिकामं कॅरेट आणलं. सशावर कॅरेट पालथं घालायचं, सोपं काम! तीनदा घातलं. पहिल्यांदा कॅरेटखाली माझा पाय सापडला, दुसऱ्यांदा फुलदाणी. तिसऱ्यांदा कॅरेट बरोबर पडलं, आणि साहेब उडी मारून त्याच्याच वर बसला. बसून त्याने शांतपणे तोंड धुतलं. मला डिवचण्यासाठी कोणी इतक्या सावकाश तोंड धुतल्याचं मी बाजारातही पाहिलेलं नाही.

"साडेपाच झाले, बाबा," पल्लवी म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

आता माझं डोकं फिरलं. गळ्यातला दुपट्टा काढून मी साहेबावर फेकला. नेमक्या त्या क्षणी शेजारच्या मंदाताई सांबारवड्या घेऊन दारात आल्या. दुपट्टा त्यांच्या डोक्यावर पडला, वड्या जमिनीवर पडल्या, आणि साहेब वड्यांवरून उडी मारून पलंगाखाली गेला. तोच पलंग! मीही गेलो. डोकं गेलं, खांदे गेले, पोट अर्धं गेलं. आणि तिथे ते चार बोटं आखूड पाय आडवे आले.

पुढे जाता येईना. मागे येता येईना.

"भाऊ, पोट आत घ्या!" मंदाताई.

"आतच आहे जी ते!"

"तेच तर झालं," सुनंदा म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. पलंग उचलायचा तर चार माणसं हवीत, कारण तो सागवानी, आणि त्यात वर पल्लवीच्या सगळ्या बॅगा भरून ठेवलेल्या.

समोर, अंधारात, साहेब माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर बसून माझ्याकडे पाहत होता. मी ओरडलो, "त्या गजूभाऊले फोन लाव! फसवलं मले त्यानं!"

पल्लवीने फोन लावून पलंगाखाली सरकवला.

"गजूभाऊ! काय माल दिला हो तुम्ही? हा हात नाही लावू देत!"

"हाव न भाऊ," पलीकडून शांत आवाज आला. "तेच तर सांगितलं होतं मी तुमाले. उचललेलं त्याले चालत नाही. वरून हात आला का घार आली वाटते त्याले. तेवढ्याचेच तर तुम्ही कमी केले होते."

पलंगाबाहेर सुनंदा पुन्हा हसायला लागली, या वेळी मंदाताईही.

"तुमाले तरास होत असन तर आणून द्या," गजूभाऊ म्हणाले. "मी पूर्ण पैसे वापस करतो."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला न मागता पूर्ण पैसे देत होतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"काहून देऊ? खोट सांगून दिलेला माल वापस होत नाही!"

"मग असं करा भाऊ, त्याच्या मागे नका लागू. चुपचाप खाली पडून राहा. तोच येईन."

मला पडून राहण्याशिवाय दुसरं काही शक्यच नव्हतं. मी गप्प झालो. थोड्या वेळाने साहेब दुसऱ्या बाजूने बाहेर गेला. मग माझ्या पायांच्या बाजूला काहीतरी मऊ हललं.

"बाबा, हलू नका!" पल्लवी कुजबुजली. "तुमच्या पोटऱ्यांवर बसला तो. स्वतःहून!"

मी हललो नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही. सहा वाजता मैत्रीण आली, दारातून तिने माझे पाय आणि त्यावरचा ससा पाहिला आणि म्हणाली, "पल्लवी, काकांकडेच राहू दे. बघ न, किती जमते त्यांचं!" मग बॅगा उतरवल्या, चौघींनी पलंग उचलला आणि मी मोकळा झालो. साहेब त्याआधीच पिंजऱ्यात जाऊन झोपला होता. एकटाच. दार उघडं होतं.

आता पल्लवी पुण्याला असते. रोज संध्याकाळी मी गाळा बंद करून घरी येतो, फरशीवर उताणा पडतो आणि छातीवर सांबाराची जुडी ठेवतो. (पुण्याचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात, असं पल्लवी सांगते.) साहेब येतो, माझ्या पोटावर चढतो आणि जुडी संपेपर्यंत बसतो. व्हिडिओ कॉलवर पल्लवीला बापाचा फक्त खालचा जबडा दिसतो, पण ससा पूर्ण दिसतो. ती तेवढ्यावर खूश असते.

एकच दुःख आहे. ज्या माणसाने जन्मभर भाजीवर सांबार फुकट घेतला, त्याला कोपऱ्यावरची भाजीवाली आता एक रुपयाही कमी करत नाही. मी घासाघीस सुरू करायच्या आधीच ती जुडी पुढे करून म्हणते, "लवकर घरी जा न भाऊ, तुमचे साहेब वाट पाहून राहिले असन!"