आधी दोन नर

पाखरं विकणारा माणूस गिऱ्हाइकाला हाकलून लावतो, असं कुणी पाहिलंय का? मी पाहिलंय! गडचांदूरच्या आमच्या कूलरवाल्या चाचांनी माझ्या डोळ्यांदेखत एका सकाळी तिघांना हाकललं, आणि चौथी मी होते.

चाचांचं दुकान कूलर दुरुस्तीचं. पुढे उघडे पडलेले पंखे, पंप, वाळ्याच्या ताट्यांचे ढीग. मागच्या भिंतीला मात्र पिंजरेच पिंजरे. त्यांत बजरी. बजरी म्हणजे ते मुठीएवढे, लांब शेपटीचे परदेशी पोपट. बाजारात सगळे त्यांना लव्हबर्डच म्हणतात. काही पिंजऱ्यांत एक एक छोटं मडकं आडवं टांगलेलं होतं. मी पंप दुरुस्तीला दिला आणि उगाच मागे डोकावले, तर एका मडक्याच्या तोंडातून पिवळं डोकं बाहेर आलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेलं. झालं! मी तिथेच खलास.

"चाचा, मला एक जोडी द्या. मडक्यासकट! मी घरी पिल्लं काढणार."

चाचांनी पेचकस खाली ठेवला. "पाखरं पाळले काय कधी?"

"नाही."

"मंग दोन नर घेऊन जा."

"दोन नरांना पिल्लं होतात का चाचा?"

"नाई होत ना! म्हणूनच तं देऊन राह्यलो."

हा त्यांचा कायदा होता. नव्या माणसाला आधी दोन नर, चोचीवरची नाकाडी निळी असते ते. सहा महिने त्यांचं दाणापाणी, विष्ठा, आजारपण सगळं नीट केलं, तर मग तपकिरी नाकाडीची मादी. आणि मडकं सगळ्यांत शेवटी, कारण मडकं दिसलं की बजरीला अंड्यांची घाई सुटते. "पाखरू कोणी बी देते सिस्टर, मडकं द्याले अक्कल लागते," असं ते म्हणायचे. कुणी रानातल्या झाडाच्या ढोलीतून आपल्याकडच्या हिरव्या पोपटाचं पिल्लू काढून आणलं, तर त्याची मात्र धडगत नसे. एकदा गोंडपिपरीकडचा एक जण पिशवीत असं पिल्लू घेऊन आला. "गुन्हा आहे हे, माहीत आहे ना तुले? त्याची माय झाडावर बोंबलत असंन!" चाचांनी त्याला चहाही विचारला नाही, आधी त्याच झाडाकडे पिटाळलं.

त्यांचा दुसरा कायदा पंचांगाचा होता. होळीला मडकं खाली, पोळ्याला मडकं वर. होळीच्या दिवशी सगळी मडकी उतरवायची, धुवायची, फळीवर पालथी घालायची. ती पोळ्यापर्यंत कुणाच्या बापाला मिळत नसत. "आपल्या इथच्या उन्हाळ्यात माणसाच्याच जिवाचं पाणी होते, अन् त्या पाखराले बाळंतपण कायले?" उन्हाळ्यात कूलरच्या कामातून त्यांना मान वर करायला फुरसत नसे, तरी दर तासाला पिंजऱ्यांवर ओलं फडकं बदलायला ते उठायचेच.

आता माझं सांगते. मी इथल्याच दवाखान्यात नर्स, आणि स्वभाव असा, की मला थांब म्हटलं की पाय शिवशिवतात. दोन नर आणले, एकाचं नाव डॉक्टर ठेवलं, दुसऱ्याचं कंपाउंडर. दोघं पहाटेपासून अशी काही कचेरी भरवायचे की घर गजबजून जायचं. पण मन भरेना. माणसांची इतकी बाळंतपणं या हातांनी केली, आणि एका टीचभर पाखराचं करू नये? अक्षय तृतीयेला कुंभारीण बाजारात मडकी घेऊन बसली होती. मी पूजेचं घेतलं आणि हळूच आणखी एक छोटं घेतलं. चंद्रपूरच्या बाजारातून मादी आणली, तिला राणी म्हटलं. डॉक्टर आणि राणी एका पिंजऱ्यात, कंपाउंडर दुसऱ्यात, आणि मडकं टांगलं. चाचांना पत्ता लागू दिला नाही.

आणि काय सांगू! राणी मडक्यात जाऊन बसायला लागली. डॉक्टर बाहेरून तिला चारायला लागला. मी ड्यूटीवरून पळत घरी यायचे. नवरा म्हणाला, "आपल्या पोरीच्या वेळी एवढी नाचली नव्हतीस!" खरंच नव्हते.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी घरी आले, तर राणी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसलेली. डोळे मिटलेले, शेपटी वर-खाली, पोट घट्ट. अंडं अडकलं होतं. मला कळलं, आणि काहीही सुचेना. बाईला कळा येत असल्या तर माझे हात आपोआप चालतात. इथे हात गार पडले. डब्यात कापूस घातला, राणीला ठेवलं, स्कूटीवर डबा मांडीत धरून त्या भाजत्या उन्हात चाचांचं दुकान गाठलं.

चाचा एका कूलरच्या पोटात डोकं घालून बसले होते. डबा बघितला आणि उठले. शेजारच्या टपरीवरून उकळतं पाणी आणवलं, त्याच्या वाफेवर राणीला जाळीत धरून ठेवलं. गोडेतेलाचा एक थेंब खाली लावला. मग फळीवरची बाटली काढून चुन्याची निवळी थेंब थेंब तिच्या चोचीला लावली. बाहेर लोक कूलरसाठी ओरडत होते. चाचांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"समुद्रफेस ठेवला होता पिंजऱ्यात? अंड्याचं टरफल कुटून?"

मी मान हलवली. नाही.

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. "दिवसभर बायायले कॅल्शियमच्या गोळ्या वाटता सिस्टर. अन् घरच्या बाळंतिणीले चिमूटभर नाई? अवं, चुन्याच्या डोंगरावर गाव आहे आपलं! अख्ख्या दुनियेले इथून सिमेंट जाते, अन् तुमच्या पाखरापाशी अंड्याच्या टरफलापुरता चुना नाई!"

मला रडूच फुटलं. राणी मेली तर माझ्या हौसेनं मेली, दुसऱ्या कशानं नाही. अर्ध्या तासानं तिनं अंग आवळलं आणि अंडं बाहेर पडलं, कवच नसल्यासारखं मऊ, लिबलिबीत. राणीनं डोळे उघडले आणि चाचांच्या बोटाला कडकडून चावली. "वाचली बाप्पा!" चाचा ओरडले, आणि मी रडत रडतच हसायला लागले.

माझं मडकं त्यांनी जप्त केलं. त्यावर खडूनं 'सिस्टर' लिहून खिळ्याला टांगलं. "पोळ्यापर्यंत माझ्यापाशी राहीन. तवर इथी येऊन पिल्लू चाराले शिका. आईनं टाकलेलं पिल्लू ज्याले चारता येत नाई, त्यानं मडकं टांगाचंच नाई." एका जोडीनं मडकं नसतानाही पिंजऱ्याच्या तळाशीच अंडी घातली होती, ती नुकतीच फुटली आणि त्यातलं एक पिल्लू आईनं टाकलं होतं. त्याच्यावर मी शिकले. वाकवलेला चमचा, कोमट पातळ खिमट, आणि गळ्याखालची पोटली भरली की लगेच थांबायचं. चाचांचा डोळा घड्याळाकडे आणि कान पिल्लाकडे असायचा. मी चुकले की टकलावर हात मारून घ्यायचे, स्वतःच्याच.

पोळ्याच्या दिवशी, बैल मिरवून परत जात असताना, चाचा मडकं घेऊन स्वतः घरी आले. पुढे राणीनं अंडी घातली, आणि अठरा-वीस दिवसांनी त्या मडक्यातून सुईच्या टोकाएवढा आवाज आला. चिक्! मी दवाखान्यात फोन करून सांगितलं, "सुटी पाहिजे, घरी बाळंतपण आहे." खोटं कुठे बोलले!

त्यानंतर तीन पोळे गेले. चाचांचा उजवा हात कापायला लागला. पेचकस स्क्रूवर बसेना. लेकीनं त्यांना बल्लारशाहला नेलं. निघताना सगळे पिंजरे त्यांनी वाटून टाकले, मडकी माझ्या हवाली केली आणि स्वतःसोबत फक्त दोन नर घेतले. "मी पुन्हा नवशिका," असं हसत म्हणाले. मला हसता आलं नाही.

यंदा पोळ्याला त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग हळूच म्हणाले, "सिस्टर, एक मडकं पाठवता काय? एकच. पोरीनं मादी आणली आहे."

त्यांचंच मडकं, त्यांनाच नाही कसं म्हणायचं?

"चाचा, हात कसा आहे?"

"कापून राह्यला," ते म्हणाले.

"मग आधी दोन नरच, चाचा."

पलीकडून जे हसू फुटलं! "शिकली! सिस्टर शिकली बाप्पा!" पण फोन ठेवताना आवाज बसलेला होता, आणि मला दिवसभर काही गोड लागेना.

गेल्या महिन्यात राणीच्या लेकीनं एक पिल्लू टाकलं. मी सुटी काढली, पिल्लू कापसाच्या डब्यात घातलं, थर्मासमध्ये कोमट पाणी घेतलं आणि बल्लारशाहची गाडी पकडली. डबा बघून चाचा खाटेवरून उठायलाच लागले. मी चमचा भरून त्यांच्या हातात दिला आणि त्यांचं मनगट माझ्या मुठीत घट्ट धरलं. पिल्लानं लाल लाल तोंड उघडलं. आमचा चमचा हळूहळू पुढे सरकला. सांडला, पुन्हा भरला, पुन्हा गेला.

"बस, पोटली भरली," चाचा म्हणाले. "थांबा आता सिस्टर."

मी चमचा काढून घेतला. मनगट काही सोडलं नाही.